राजीनाम्यावर सही करण्याआधी

औसा तालुक्यात शेती सोडली तर महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा पगार अनेक घरांत कुठल्या ना कुठल्या संस्थेचा असतो. खासगी शाळा, कनिष्ठ महाविद्यालय, आश्रमशाळा, वसतिगृह, ट्रस्टचा दवाखाना, बचत गटांचं किंवा पाणलोटाचं काम करणारी स्वयंसेवी संस्था. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर बाहेरच्या कितीतरी संस्था या भागात आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्या धावपळीत गावातल्या अनेक शिकलेल्या मुलामुलींना सर्वेक्षणाचं, गटबांधणीचं काम मिळालं आणि संस्थेत नोकरी करणं इथे नेहमीचं झालं.

या सगळ्या संस्था लोकांच्या भल्यासाठी नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ खरोखर भलं काम करतात. पण चांगलं काम करणाऱ्या संस्थेतही एखाद्याला सूड म्हणून घरी बसवलं जातं. संस्थेचं नाव मोठं, म्हणून गावात त्यावर कुणी बोलत नाही. काढलेला माणूसही बोलत नाही, कारण ज्याने नोकरी लावली त्याला तो अण्णा किंवा बापू म्हणतो आणि त्याच्या घरच्या लग्नात वाढायला उभा राहिलेला असतो. अशा माणसासाठी, त्याच्या घरच्यांसाठी आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

सुरुवात बहुधा एका साध्या प्रश्नाने होते. सही केलेला पगाराचा आकडा आणि हातात आलेला आकडा वेगळा का, असं कुणी विचारतं. प्रशिक्षणाला न आलेल्या बायकांची नावं हजेरीपटावर लिहायला कुणी नकार देतं. निवडणुकीत प्रचाराला जायचं कुणी टाळतं. वसतिगृहातल्या मुलीने तक्रार केली तर अधीक्षिका तिच्या बाजूने खरं ते सांगते. मग पंधरा दिवसांत वारं फिरतं. काल उत्तम काम करणारा माणूस आज कामचुकार ठरतो. मेमो यायला लागतात. संस्थेच्या लांबच्या शाखेवर बदली होते, मान्यतेचा प्रस्ताव कपाटात पडून राहतो, कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून नाव काढलं जातं, मस्टर सहीसाठी पुढे येत नाही. आणि एक दिवस कुणीतरी आपुलकीने सांगतं, "कशाला वाढवता, राजीनामा देऊन टाका, अनुभवाचा दाखला चांगला देऊ."

इथेच थांबा. सही करू नका.

का, ते तेव्हाच्या औरंगाबादमधल्या एका शिक्षिकेच्या खटल्यावरून कळेल. 'दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालय' या नावाने तो देशभरातल्या नोकरीच्या खटल्यांत सांगितला जातो. मराठवाड्यातल्या संस्थांमध्ये काम करणाऱ्यांना मात्र तो फारसा ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. ट्रस्टच्या प्राथमिक शाळेत त्या शिकवत होत्या. शाळेला सरकारी अनुदान होतं. महापालिकेने इमारतीवर व्यापारी दराने ७९,९७४ रुपयांचा कर लावला. मुख्याध्यापिका ट्रस्टच्या अध्यक्षही होत्या. त्यांनी शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना सांगितलं की कर भरण्यासाठी प्रत्येकाने महिन्याला १५०० रुपये द्यायचे. या बाईंनी नकार दिला. त्यानंतर त्यांना एकामागून एक २५ मेमो आले. १४ नोव्हेंबर २००६ ला निलंबन झालं. शिक्षणाधिकाऱ्यांनी त्या निलंबनाला मान्यता दिली नाही, तरी १५ जून २००७ ला संस्थेने त्यांना नोकरीतून काढलं.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक मेमोला उत्तर दिलं, आरोप नाकारले. आणि काढल्यावर शाळा न्यायाधिकरणात अपील केलं. जून २००९ मध्ये न्यायाधिकरणाने काढण्याचा आदेश रद्द केला, पूर्ण मागील पगारासह कामावर घ्या असं सांगितलं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोकरी राखली, पण मागील पगार नाकारला. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ ऑगस्ट २०१३ ला तिथे पूर्ण मागील पगार मंजूर झाला. चार महिन्यांत द्या, नाहीतर निलंबनाच्या दिवसापासून ९ टक्के व्याज लागेल, असा आदेश झाला. त्याच निकालात न्यायालयाने एक गोष्ट पक्की केली: बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मागील पगार देणं हा सर्वसाधारण नियम आहे. या काळात मी दुसरीकडे कमावत नव्हतो असं त्याने सांगितलं की कमावत होता हे सिद्ध करायची जबाबदारी संस्थेवर येते.

सात वर्षं लागली, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्या सात वर्षांत घर कसं चालवायचं हा प्रश्न तुमच्याही पुढे येईल. मधल्या काळात शिकवणी घेतली, दुकानात बसलात, तर विचारल्यावर खरं सांगा. पगार त्या प्रमाणात कमी होऊ शकतो, पण खोटं पकडलं गेलं तर सगळंच जातं. हे सांगूनही मी म्हणेन की लढता येतं. फक्त त्याची तयारी पहिल्या मेमोच्या दिवशी सुरू करावी लागते.

मेमो आला की घ्या. नाकारला तर 'घेण्यास नकार' असा शेरा तुमच्याच विरुद्ध जातो. पोच देताना सहीखाली तारीख आणि वेळ टाका. उत्तर दोन-तीन दिवसांत द्या, एका पानात बसवा, रागाचं एकही वाक्य घालू नका. अमुक तारखेला मी अमुक वर्गावर होतो, सोबत हजेरीपटाची प्रत जोडली आहे, आरोप मान्य नाही. एवढंच. आधीच्या अध्यक्षांचं काय झालं, सचिवांनी जमीन कशी घेतली, हे त्या पानावर नको. उत्तराची दुसरी प्रत आवक शिक्क्यासह स्वतःजवळ ठेवा. लिपिक शिक्का द्यायला घाबरत असेल तर त्याच्याशी भांडू नका, त्यालाही नोकरी आहे. टपालाने पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि पोच झाल्याचा कागद फाईलला लावा. तोंडी बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी 'आज आपण मला असं सांगितलंत' असं दोन ओळींचं पत्र किंवा मेल पाठवा. आणि ही फाईल शाळेच्या कपाटात नाही, घरी ठेवा.

आता राजीनाम्याचं. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. अनुदानित शाळेलाच तो लागू होतो असा समज औशापासून मुखेडपर्यंत सगळीकडे आहे. तो चुकीचा आहे, मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळाही त्यात येते. त्या कायद्याच्या कलम ७ मध्ये राजीनामा कसा द्यायचा हे लिहून ठेवलं आहे: दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत कर्मचाऱ्याने रजिस्टर टपालाने संस्थेला पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. अध्यक्षांच्या खोलीत बसवून, दार लावून, सगळ्यांसमोर लिहून घेतलेला कागद या पद्धतीत बसत नाही. तुमच्याकडून तसा कागद घेतला गेला असेल, किंवा नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेतली असेल, तर वाट बघू नका. दुसऱ्याच दिवशी संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना लिहा की ही सही दबावाखाली घेतली, मी राजीनामा दिलेला नाही, मी कामावर यायला तयार आहे. आणि खरोखर शाळेच्या वेळेला दारात जा. आत घेतलं नाही तर त्याचीही नोंद करा.

चौकशी लागली तर घाबरून गैरहजर राहू नका. नियमांप्रमाणे चौकशी समितीत तिघं असतात: एक संस्थेचा, एक तुम्ही निवडलेला, आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. आपला माणूस निवडण्याचा हक्क अनेक जण वापरतच नाहीत, कारण तो आहे हेच त्यांना कुणी सांगत नाही. जवळचा नातेवाईक नेमू नका. नियम वाचलेला, शांत डोक्याचा माणूस बघा, पण तो कुठल्यातरी खासगी शाळेत नोकरीत असलेलाच हवा.

काढल्याचा आदेश हातात पडला की त्या दिवसापासून ३० दिवस मोजा. तेवढ्यात शाळा न्यायाधिकरणात अपील गेलं पाहिजे. आपल्यासाठी ते लातूरला आहे. आदेशच दिला नाही, नुसतं मस्टर बंद केलं, तरीही तो नोकरी संपवण्याचाच प्रकार आहे. मस्टर बंद झालं ती तारीख धरा. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण "अण्णा म्हणाले होते, पुढच्या सत्रात बघू" हे कारण न्यायाधिकरणापुढे फार तोकडं पडतं. बहुतेकांचे ३० दिवस मध्यस्थांच्या बैठकांत जातात. बैठका करा, चहा प्या, पण अपील आधी दाखल करा. मिटलं तर ते मागे घेता येतं. वरिष्ठ महाविद्यालयात असाल तर तुमचा कायदा २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे आणि अपील विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात करायचं, मुदत तिथेही ३० दिवस. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा की माझ्या नेमणुकीला मान्यता आहे का, जाहिरात निघाली होती का, जागा कायम होती का. न्यायाधिकरणाचा पहिला प्रश्नही तोच असतो आणि अनेक खटले तिथेच अडतात.

शाळांना निदान स्वतःचा कायदा आहे. स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्यांची स्थिती जास्त कठीण आहे आणि अलीकडे ती आणखी कठीण झाली.

औशाहून सोलापूरच्या वाटेवर तुळजापूर लागतं. तिथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं ग्रामीण आवार आहे. देशभराला समाजकार्य शिकवणारी ही संस्था. जून २०२४ च्या अखेरीस तिच्या चार आवारांतल्या शंभराहून अधिक लोकांना, ५५ प्राध्यापक आणि साठेक इतर कर्मचाऱ्यांना, एकाच वेळी नोटिसा गेल्या की तुमची नोकरी संपली. त्यांत वर्षानुवर्षं काम केलेले लोक होते. त्यांचा पगार टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या निधीतून येत होता आणि निधी पुढे मिळण्याचं नक्की झालं नव्हतं. मोठा गदारोळ झाला, निधीचं आश्वासन आलं आणि दोन दिवसांत नोटिसा मागे घेतल्या गेल्या. तो सूड नव्हता. पण प्रोजेक्टवरच्या माणसाची नोकरी किती पातळ धाग्यावर असते हे त्यातून दिसलं. मुंबईच्या नामांकित संस्थेसाठी वर्तमानपत्रं धावून आली. लामजन्याच्या किंवा मातोळ्याच्या क्षेत्र कार्यकर्तीसाठी कुणी धावत नाही.

कायद्याचा आधार काय, हेही समजून घ्या. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 'उद्योग' या शब्दाचा अर्थ इतका रुंद केला की धर्मादाय संस्थांतले अनेक कर्मचारीही कामगार न्यायालयाचं दार ठोठावू शकत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्या व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक आणि परोपकारी सेवा करणाऱ्या संस्था वगळल्या आहेत. म्हणजे साखर कारखान्यातल्या कामगाराला काढताना जी नोटीस आणि भरपाई द्यावी लागते, ती समाजसेवेच्या संस्थेतल्या माणसाला मागताना आधीच मोठी अडचण उभी राहते. माझ्या मते हा अन्याय आहे. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी गावोगाव फिरणाऱ्याला स्वतःच्या हक्काचं दार बंद असावं, हे कुठल्याही युक्तिवादाने पटत नाही. संस्थांच्या संघटनांनी आणि आपल्या आमदार-खासदारांनी यावर बोललं पाहिजे आणि त्यांना बोलायला लावणं आपलं काम आहे.

तरी सगळीच दारं बंद नाहीत. काढल्यावर किंवा राजीनाम्यानंतर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा, असं नवी वेतन संहिता सांगते. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. पगारातून कापलेली रक्कम खात्यावर जमा झाली का, हे पासबुकात आजच बघा. दहा किंवा अधिक लोक असलेल्या आस्थापनेत पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, आणि ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला नव्या संहितेत तो लवकर मिळण्याची सोय केली आहे. ११-११ महिन्यांच्या आदेशांवर वर्षं काढलेल्यांनी सगळे आदेश क्रमाने लावून मगच हिशेब मागावा. नेमणूक पत्रात महिन्याच्या नोटिशीची अट असेल तर तो पगार तुमचा आहे, आणि दिवाणी न्यायालय त्यासाठी आहे. मानधन असं नाव दिल्याने कष्टाचा पैसा दान होत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानधनावरच्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांनाही ग्रॅच्युइटी लागू केली, हे लक्षात ठेवा.

बायांसाठी एक दार आणखी आहे आणि तिथे कायदा संस्थांचं नाव घेऊन बोलतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ट्रस्ट, सोसायटी, स्वयंसेवी संस्था स्पष्टपणे आल्या आहेत. दहा कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. नसेल, किंवा तक्रार प्रमुखाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. चौकशी चालू असताना बदली किंवा रजा मागता येते. या कायद्याची वाट ज्या विशाखा निकालाने उघडली, तो निकालही राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवींवर झालेल्या अत्याचारातून आला. त्या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात गावपातळीवरची साथिन होत्या. बालविवाह रोखायला गेल्या, म्हणून त्यांच्यावर सूड उगवला गेला.

धर्मादाय कार्यालयात तक्रार करून नोकरी परत मिळत नाही, हे आधीच सांगतो. पण नोंदणी उताऱ्यावर खरे विश्वस्त कोण आहेत, बदल अर्ज मंजूर झालेत का, हिशेब दाखल होतात का, हे तिथे कळतं. ज्यांनी तुम्हाला काढलं त्यांना तो अधिकार तरी होता का, याचं उत्तर कधी कधी त्या उताऱ्यावर मिळतं.

काही गोष्टी टाळा. स्टेटसवर, फेसबुकवर संस्थेची बदनामी करू नका. मूळ वाद बाजूला पडतो आणि तुम्हीच आरोपी होता. कार्यालयाची मूळ कागदपत्रं घरी आणू नका, चोरीचा आरोप लागतो. स्वतःच्या पत्रव्यवहाराच्या प्रती ठेवणं वेगळं. आणि मनाशी प्रामाणिक राहा. प्रोजेक्ट खरोखर संपला असेल, सगळ्यांनाच जावं लागलं असेल, तर तो सूड नाही. तिथे हिशेब नीट मागा आणि दुसरं काम शोधा. हातून खरोखर पैशाची अफरातफर झाली असेल तर हे वाचून ढाल म्हणून वापरू नका. खऱ्या पीडितांची लढाई त्याने अवघड होते.

सोबत काम करणाऱ्यांनो, तुमच्यासमोर एक संयुक्त निवेदन येईल: "सदर कर्मचाऱ्याच्या वर्तनाला आम्ही कंटाळलो आहोत." जे पाहिलं नाही त्याखाली सही करू नका. उघड विरोध जमणार नाही, घर तुम्हालाही आहे. पण "मला याबद्दल माहिती नाही" एवढं म्हणता येतं, आणि न्यायाधिकरणापुढे तेवढंही खूप उपयोगी पडतं. त्याच्याशी बोलणं बंद करू नका. काढलेल्या माणसाला गावात सगळ्यात जास्त लागतं ते लोकांनी रस्ता बदलणं.

आणि विश्वस्तांनो, तुमच्यातले कित्येक जण डॉक्टर आहेत, निवृत्त गुरुजी आहेत, आडतीवर शब्दाला वजन असलेले व्यापारी आहेत. ठराव वही घरी येते, सचिव पान उघडून देतात, तुम्ही सही करता. कर्मचारी काढण्याचा ठराव असेल तर त्याची फाईल मागा. पहिला मेमो कधीचा आहे ते बघा. त्याआधी त्या माणसाने काही विचारलं होतं का, तेही बघा. उत्तर 'हो' असेल तर सही थांबवा आणि त्याला समोर बोलवा. न्यायाधिकरणाने उद्या पाच वर्षांचा पगार व्याजासह द्यायला सांगितला तर तो मुलांच्या फीमधून आणि लोकांच्या देणगीतूनच जाणार आहे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, कामगारांना आणि कमी उत्पन्नाच्या कुणालाही विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, लातूरला जिल्हा प्राधिकरण आहे, आणि १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. जाताना नेमणुकीचे सगळे आदेश, मान्यतेचं पत्र, पगार जमा झालेल्या बँक खात्याचा उतारा, मेमो आणि त्यांची उत्तरं, टपालाच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून न्या. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी बघून काढण्याची रीत आहे, कारण तेव्हा शाळा बंद असते, सहकारी गावी गेलेले असतात आणि कुणाला विचारावं ते सुचत नाही. तुमचे ३० दिवस सुट्टीतही चालूच असतात.